मोहोर फळात कसा उतरतो: कोकणातल्या नव्या बागायतदारासाठी परागीकरणाची तयारी

कलमं मोहोराने पांढरी झालेली असतात आणि वाटाण्याएवढी कणी (कोवळी बारीक फळं) धरायच्या वेळी दांडे रिकामे राहतात. रत्नागिरी-देवगडपासून अलिबागपर्यंत बाग नव्याने हाती घेणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. मग खताचा डोस वाढतो, टॉनिकच्या बाटल्या येतात, फवारणीच्या खेपा वाढतात. आमचं म्हणणं असं, की त्याआधी दोन प्रश्न विचारा. या फुलाला दुसऱ्या जातीचा पराग मिळतोय का? आणि तो आणून टाकणारा कीटक बागेत आहे का? या दोन्हींची उत्तरं मोहोर आल्यावर शोधायची नसतात, त्यांची तयारी पावसाळ्यापासून सुरू होते.

आधी फूल ओळखा

मोहोराचा एक तुरा सकाळी नऊच्या सुमारास तोडून हातात घ्या. भिंग असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. फुलाला साधारण पाच पाकळ्या असतात, आत मधाची गोल गादी असते आणि बाजूला सहसा एकच कामाचा पुंकेसर, टोकाला गुलाबी परागकोश असलेला. बाकीचे पुंकेसर खुरटलेले असतात. आता गादीच्या मधोमध बघा. तिथे मोहरीपेक्षाही लहान, पिवळट हिरवा गोल दाणा असेल आणि त्याच्या एका बाजूने बारीक काडी वर गेली असेल, तर ते संयुक्त फूल. आंबा यातूनच होतो. मध्ये काहीच नसेल तर ते नर फूल. ते फक्त पराग देतं आणि गळून जातं.

हापूसच्या तुऱ्यात संयुक्त फुलं मुळातच कमी असतात. शंभरात दहाच्या आसपास, आणि कडक थंडीत आधी आलेल्या मोहोरात त्याहूनही कमी. तुऱ्याच्या शेंड्याकडे ती जास्त सापडतात. म्हणून मोजणी करताना फक्त बुडाकडची फुलं बघून निष्कर्ष काढू नका. पाच झाडांवरचा प्रत्येकी एक तुरा घ्या, शेंडा, मधला भाग आणि बूड यांतून प्रत्येकी पंधरा-वीस फुलं तपासा आणि वहीत लिहून ठेवा. संयुक्त फुलंच नसतील तर माशा कितीही आणल्या तरी उपयोग नाही. अशा वेळी तो मोहोर सोडून द्यावा आणि पुढच्या टप्प्याच्या मोहोरावर लक्ष ठेवावं.

फुलं बहुतेक पहाटे आणि सकाळी उमलतात. ऊन चढलं, दव सुकलं की गुलाबी परागकोश जांभळट होऊन फुटतात. उमलल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत कामाचे. सकाळी नऊ ते दुपारी बारा ही मोहोराची वेळ, आणि बागेतलं बाकीचं सगळं काम या तीन तासांच्या सोयीने आखायचं.

मळभ असेल, दव उशिरापर्यंत टिकलं असेल, तर परागकोश वेळेवर फुटत नाहीत आणि माशाही बाहेर पडत नाहीत. रात्रीचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की पराग नीट रुजत नाही. अशा मोहोरात फलन न झालेली कणी धरते. ती सुपारीएवढी होईपर्यंत टिकते, मग पिवळी पडून गळते. गळलेली कणी उभी चिरून बघा. आत बाठ्याचा पत्ता नसेल किंवा गर काळपट सुकलेला असेल तर दोष परागीकरणाकडे जातो. आत पांढरा, भरलेला कोवळा बाठा असूनही फळ गळालं असेल तर तुडतुडे, फुलकिडे, उष्णता किंवा पाण्याचा ताण यांकडे बघा. हा साधा चाकूचा प्रयोग केल्याशिवाय गळीसाठी कुठलंही औषध विकत घेऊ नये.

पाचशे कलमं, पण झाड एकच

नवख्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. हापूसची सगळी कलमं डोळा किंवा काडी बांधून केलेली असतात, म्हणजे गुणसूत्रांनी ती एकाच झाडाची रूपं. या कलमाचा पराग शेजारच्या कलमाच्या फुलावर पडला तरी झाडाच्या दृष्टीने तो स्वतःचाच पराग. आणि हापूस स्वतःच्या परागावर फळ फार कमी धरतो. म्हणून निव्वळ हापूसची सलग बाग दिसायला देखणी, पण फळधारणेला कमकुवत.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की हापूसच्या बागेत इतर जातींची झाडंही असावीत. केशर, रत्ना, गोवा मानकूर या त्यासाठी चालणाऱ्या जाती. रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली, आणि तिची फळंही बाजारात विकली जातात, त्यामुळे जागा वाया जात नाही. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा.

नवी लागवड असेल तर मांडणी सोपी आहे. 10 बाय 10 मीटरवर हेक्टरी 100 कलमं बसतात. प्रत्येक तिसऱ्या ओळीत प्रत्येक तिसरं झाड परक्या जातीचं लावा. नऊ झाडांत एक होतं, म्हणजे साधारण 11 टक्के, आणि प्रत्येक हापूसच्या शेजारी, सरळ नाही तर तिरकं, परकं झाड येतं. सगळी परकी झाडं बांधाला एका ओळीत लावण्याची चूक सर्रास होते. माशी एका झाडावरून शेजारच्या झाडावर जात काम करते, त्यामुळे बांधापासून चार-पाच ओळी आत गेलं की तो पराग फारसा पोचत नाही.

जुनी बाग असेल तर झाडं तोडायची गरज नाही. फांदीवर कलम करा:

1. दर आठ-दहा झाडांमागे एक झाड निवडा. त्यावर ऊन मिळणारी, मनगटाएवढी जाड एक फांदी ठरवा.
2. हंगाम उरकत आल्यावर ती फांदी छाटा. कापावर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, धातूचं भांडं वापरू नका.
3. फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी जोमदार तीन-चार ठेवा, बाकीचे काढा.
4. पावसाळ्यात, धुमाऱ्याचा शेंडा कोवळा पण तांबूस रंगाचा असताना, मृदकाष्ठ कलम बांधा. काडी तीन-चार महिने वयाची, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब. तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून कापून टाका, म्हणजे डोळा फुगतो.
5. काडीला तीन-चार सेंटिमीटरची पाचर करा, धुमाऱ्यात तेवढीच खाच घ्या, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा आणि वरून पारदर्शक पिशवीची टोपी घाला. पावसाचं पाणी आत गेलं की काडी कुजते.
6. कलमाच्या खालून फुटणारे हापूसचे धुमारे दर महिन्याला काढत राहा. हे राहिलं तर दोन वर्षांत परकी फांदी दबून जाते.

जातीचं नाव बघून काडी घेऊ नका, मोहोराची वेळ बघून घ्या. हापूस जानेवारीत फुलतो आणि तुमचं परकं झाड फेब्रुवारी संपताना, तर त्याचा उपयोग शून्य. आसपासच्या बागांतून दोन हंगाम कोणतं झाड कधी फुललं याची नोंद ठेवा आणि त्याच झाडाची काडी मागा.

आणि रायवळ तोडू नका. गडग्यालगतचं (चिऱ्यांच्या कुंपणालगतचं), वाडीच्या वाटेवरचं रायवळ आंब्याचं झाड बियांपासून आलेलं असतं, प्रत्येक झाड वेगळं, मोहोर भरभरून. सावली पडते म्हणून नवे मालक ते आधी तोडतात. बागेला फुकटात मिळालेला हा परागाचा साठा आहे. फार सावली पडत असेल तर फांद्या विरळ करा, बुंध्याला हात लावू नका.

आंब्याला मधमाशीपेक्षा साधी माशी जास्त

आंब्याचा मोहोर उघडा, उथळ आणि थोडा उग्र वासाचा. त्यावर येणाऱ्यांत निळ्या-हिरव्या चमकदार माशा, घरमाशा आणि हवेत एका जागी थांबून मग बसणाऱ्या पिवळ्या पट्ट्यांच्या सिरफिड माशा मोठ्या संख्येने असतात. त्यानंतर डंख न मारणारी पोयाची बारीक काळी माशी आणि सातेरी मधमाशी. सातेरीला जवळपास दुसरं आवडतं फूल मिळालं तर ती आंबा सोडून तिकडे जाते. म्हणून मधपेट्या ठेवल्या म्हणजे काम झालं असं समजू नका.

माशा वाढवण्यासाठी किनाऱ्यावरचे बागायतदार मासळीची घाण किंवा खराब सुकी मासळी वापरतात. पद्धत पटते, पण वेळ चुकते. बऱ्याच बागांत मोहोर पूर्ण फुलल्यावर मासळी टांगतात. अंड्यापासून उडणारी माशी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, थंडीत जास्तच. म्हणून बोंगे (मोहोराचे कोंब) फुटू लागले की लगेच मासळी टांगा. जाळीच्या पिशवीत मूठ-दोन मूठ मासळी, खाली थोडा ओलसर पालापाचोळा घातलेलं मडकं, कुत्रा आणि कोल्हा पोचणार नाही एवढ्या उंचीवर. अळ्या खाली उतरून त्या पाल्यात कोष करतात. बाग वाऱ्याची असेल तर आडोशाच्या बाजूने सुरुवात करा. घर, विहीर आणि गोठ्यापासून लांब ठेवा, आणि फळधारणा झाली की सगळं खड्ड्यात पुरून टाका. शेणखताचा ढीग डिसेंबर-जानेवारीत बागेच्या कडेला असणंही फायद्याचं.

पोयाची माशी लांब जात नाही, पण वर्षभर बागेतच असते. ती गडग्याच्या चिऱ्यांच्या फटीत, जुन्या झाडाच्या ढोलीत राहते. तोंडाशी मेणा-डिंकाची बारीक नळी दिसली की ओळखावं. गडगा नव्याने बांधताना ही जागा सिमेंटने बुजवू नका. वणवा हा तिचा सर्वांत मोठा शत्रू. पावसाळ्यानंतर गवत वाळतं, एका काडीने डोंगर पेटतो आणि बागेसोबत या वसाहतीही जातात. म्हणून पावसाळा संपताच बागेच्या हद्दीवर तीन-चार मीटर रुंद जाळरेषा गवत काढून मोकळी करा. आतलं सगळं रान मात्र एकदम साफ करू नका. कडेची करवंदं, तुळस, शेवगा, करंज, जांभूळ यांवर माशा बाकीचे महिने जगतात, आणि चार नारळ असले की पराग बाराही महिने मिळतो.

सातेरीच्या पेट्या ठेवायच्या तर

पहिल्या वर्षी पेट्या विकत घेऊ नका. माहीतगार मधपाळाकडून हंगामापुरत्या भाड्याने आणा. कोकणातला पावसाळा वसाहतीला जड जातो: जूनपासून फुलोरा नाही, ओल, मेणकिडा. साखर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन केलेला पाक वेळेवर दिला नाही तर माशा पेटी सोडून निघून जातात. शिकायचं असेल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत रीतसर प्रशिक्षण मिळतं.

हेक्टरी चार ते सहा पेट्या पुरतात. घेताना झाकण उघडून दाखवायला सांगा. सहा तरी चौकटी माशांनी झाकलेल्या हव्यात आणि तीन-चारांत अंडी-अळ्या दिसायला हव्यात. अळ्यांना भरवायला पराग लागतो, म्हणून अळ्या असलेली वसाहत परागासाठी फुलांवर जास्त फिरते. मधाने जड पण अळ्या नसलेली पेटी परागीकरणाला कमी उपयोगाची.

पेट्या मोहोर थोडा उमलल्यावर, दहा टक्क्यांच्या आसपास असताना आणा. आधी आणल्या तर माशांना दुसऱ्या फुलांची सवय लागते आणि त्या तिकडेच जात राहतात. वाहतूक रात्री करा, दार जाळीने बंद करून. बागेत उतरवल्यावर पेटी दीड-दोन फूट उंच घोडीवर ठेवा, घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या पहिल्याच आठवड्यात शिरतात. दार पूर्वेकडे, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. जवळ उथळ पाणी, त्यात खडे. सगळ्या पेट्या एका कोपऱ्यात न ठेवता दोन-तीन ठिकाणी विभागा. एकदा मांडलेली पेटी दिवसा पंधरा-वीस मीटर सरकवली तर बाहेर गेलेल्या माशा जुन्या जागी परततात आणि तिथेच घोटाळत मरतात.

फवारणीचं वेळापत्रक

परागीकरणाचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. तुडतुड्यांची भीती खरी आहे. त्यांचा चिकटा मोहोरावर बसला की काळी बुरशी येते. पण त्यांचा बंदोबस्त फुलं उमलायच्या आधी व्हायला हवा. पालवीवर आणि बोंगे फुटताना केलेली फवारणी जेवढी काळजीपूर्वक, तेवढी मोहोरातली फवारणी टळते. बोंगे फुटताना लॅम्डा सायहॅलोथ्रीन 5 टक्के, 10 लिटर पाण्यात 6 मिली ही रुळलेली मात्रा आहे. विद्यापीठाचं चालू वर्षाचं वेळापत्रक आणि बाटलीवरचं लेबल बघूनच मात्रा ठरवा.

फुलं उमलू लागल्यापासून कणी धरेपर्यंत कीटकनाशक हातात घेऊ नका. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधं या काळात तुडतुड्यांबरोबर माशाही संपवतात, आणि मासळी टांगून वाढवलेल्या माशा एका दिवसात जातात. भुरी (मोहोरावरची पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, 10 लिटरला 20 ग्रॅम, एकटंच फवारा. त्यात कीटकनाशक मिसळून "एका खेपेत दोन कामं" करण्याचा मोह टाळा. पंपाचा दाब कमी ठेवा. जोराच्या फवाऱ्याने फुलं झडतात आणि पराग धुऊन जातो.

तुडतुडे खरोखरच हाताबाहेर गेले तर संध्याकाळी चारनंतर, आणि फक्त जास्त प्रादुर्भाव असलेल्या झाडांवर. आदल्या दिवशी मधपाळाला आणि शेजारच्या बागायतदाराला कळवा. पेट्यांची दारं रात्री सगळ्या माशा परतल्यावर जाळीने बंद करा, पेटीवर सावली आणि आत हवा राहील असं बघा आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उघडा. गडी माणसांना हे लिहून द्या. सकाळी साडेआठला काम सुरू करून बाराला संपवायची सवय फवारणीच्या दिवसांत बागेला महाग पडते.

खरंच पराग कमी पडतोय का, हे तपासण्याची चाचणी

पाच झाडं निवडा. प्रत्येकावर सारख्या वाढलेल्या, अजून न उमललेल्या तुऱ्यांच्या तीन जोड्या घ्या आणि तीन रंगांचे दोरे बांधा. पहिली जोडी फुलं उमलायच्या आधीच मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत बंद करा. दुसरी उघडी ठेवा. तिसरीला हाताने पराग द्या: केशर किंवा रायवळाचं ताजं नर फूल सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान चिमट्याने धरायचं, त्याचा फुटलेला जांभळट परागकोश हापूसच्या त्या दिवशी उमललेल्या संयुक्त फुलाच्या काडीच्या टोकाला हलकेच टेकवायचा. चार-पाच दिवस रोज. तीन-चार आठवड्यांनी वाटाण्याएवढी कणी मोजा.

उघड्या तुऱ्यांपेक्षा हाताने पराग दिलेल्यांत कणी स्पष्टपणे जास्त असेल, तर तुमच्या बागेत पराग किंवा माशी कमी आहे. वर सांगितलेल्या कामांवर खर्च करा. दोन्ही सारखे असतील तर अडचण दुसरीकडे आहे: अन्नद्रव्य, पाणी, रोग किंवा हवामान. पिशवीतल्या आणि उघड्या तुऱ्यांत फरकच नसेल, तर तुमच्या उघड्या मोहोरावरही माशा जवळपास येतच नाहीत.

काजू, नारळ, कोकम, जायफळ

काजूचा पराग चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही, तो कीटकांनीच जावा लागतो. एकाच तुऱ्यात नर आणि संयुक्त फुलं मिसळलेली. लागवडीत एकच जात न घेता वेंगुर्ला 4, वेंगुर्ला 7 अशा दोन-तीन जाती मिसळा. ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठीची फवारणी पालवीवर आणि मोहोर फुटताना उरका, भर फुलोऱ्यात टाळा.

नारळाच्या उंच जातीत पोय (फुलोरा) उघडली की आधी नर फुलं गळतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी मादी फुलं तयार होतात. म्हणून त्याच पोयीचा पराग त्याच पोयीला सहसा उपयोगी पडत नाही, शेजारच्या माडाचा लागतो. परसात एकटा माड असेल तर फळगळीचं हे एक कारण धरा. ठेंगण्या जातीत दोन्ही काळ एकमेकांवर येतात, त्यांना ही अडचण नाही. फणसात नर कणसं काळी पडून गळतात, ती रोग समजून फवारू नका. फणस एका बाजूने चेपलेला निघाला तर त्या बाजूच्या फुलांना पराग मिळाला नव्हता.

कोकम आणि जायफळ यांत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासून कोकम लावलं तर निम्मी झाडं नर निघतात, आणि ते पहिल्या फुलोऱ्यापर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही. म्हणून कोकण अमृता, कोकण हातीस अशा मादी जातींची कलमं घ्या आणि दहा टक्के नर झाडं मुद्दाम लावा. जायफळातही दहा मादींमागे एक नर. जुनी बियांची बाग असेल तर फुलोऱ्यात प्रत्येक झाडाचं फूल तपासून बुंध्याला रंगाने खूण करा. मादी फुलाच्या मध्ये फुगीर अंडाशय दिसतो, नर फुलात तो नसतो. लागतील तेवढे नर ठेवून बाकीच्या नरांच्या खोडावर मादी काडीचं कलम बांधा. तोडून नवं रोप लावण्यापेक्षा यात वर्षं वाचतात, कारण मुळं आधीच खोल गेलेली असतात.